स्वयंपाकघरात जन्मलेला हेडफोन

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप समितीकडून आला तेव्हा विषय शोधायला मला फार वेळ लागला नाही. सोसायटीत माझ्या दोन ओळखी आहेत. जुने सभासद मला वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारा बँकवाला म्हणून ओळखतात आणि नवी पिढी मला गॅलरीत कानांवर दोन काळ्या वाट्या लावून बसलेले आजोबा म्हणून ओळखते. पहिल्या ओळखीबद्दल लिहिलं तर वाद होतील. म्हणून दुसरीबद्दल लिहितो.

निवृत्त झाल्यावर मी सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६५० हा हेडफोन घेतला. त्याची किंमत इथे लिहीत नाही, कारण स्मरणिका घरीही वाचली जाणार आहे. हा हेडफोन मागून उघडा असतो, म्हणजे त्याच्या वाट्यांना जाळी असते आणि आतला आवाज बंद खोलीत घुमल्यासारखा न होता मोकळा वाटतो. त्याचा अवरोध ३०० ओहम. मोबाइलला जोडला तर तो बिचारा नुसता कुजबुजतो, म्हणून वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. पुढे मी कानात घालायचा एक छोटा हेडफोनही घेतला. शेंगदाण्याएवढा जीव, पण मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं रेकॉर्डिंग त्यावर ऐकलं की तानपुऱ्याची जवारी, दोन स्वरांमधला श्वास, तबल्याच्या शाईवरून सरकणारं बोट, सगळं समोर येतं. चाळीस वर्षं तेच गाणं रेडिओवर आणि कॅसेटवर ऐकलं होतं, पण त्यातला निम्मा ऐवज माझ्या खात्यात जमाच झाला नव्हता, असं तेव्हा वाटलं.

या छोट्या यंत्राच्या पोटात काय असतं ते वाचायला गेलो आणि तिथे मला नॅथॅनियल बाल्डविन भेटला. हेडफोनच्या शौकीन मंडळींत हे नाव एखाद्या घराण्याच्या मूळपुरुषासारखं घेतलं जातं. बाहेर मात्र त्याची कथा फारशी सांगितली जात नाही. मला ती दोन कारणांनी सांगावीशी वाटते. एक कारण कानाचं आहे आणि दुसरं पैशाचं. दोन्ही गोष्टींशी आपल्या सोसायटीतल्या प्रत्येक घराचा संबंध येतो.

बाल्डविनचा जन्म १ डिसेंबर १८७८ चा. अमेरिकेच्या पश्चिम भागात यूटा नावाचं डोंगराळ आणि कोरडं राज्य आहे, तिथल्या फिलमोर या गावी तो जन्मला. घरचे लोक मॉर्मन पंथाचे. या पंथाचे लोक पूर्वेकडून छळ सोसत, गाड्या ओढत यूटात आले आणि त्यांनी तिथे पाण्याचे पाट काढून शेती केली, गावं वसवली. धर्म, शेजार आणि व्यवहार या तिन्ही गोष्टी तिथे एकाच दोरीत वळलेल्या होत्या. ही दोरी लक्षात ठेवा, कारण बाल्डविनला तिनेच वर नेलं आणि तिनेच खाली आणलं.

मुलाचं डोकं यंत्रात चालायचं. प्रोव्हो गावातल्या ब्रिगहॅम यंग यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत तो शिकला, मग कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊन विद्युत अभियांत्रिकी शिकला. खेड्यातल्या मुलाने त्या काळी एवढी मजल मारणं सोपं नव्हतं. परत येऊन तो प्रोव्होच्याच संस्थेत शिकवू लागला. इथवर सगळं आपल्याकडच्या एखाद्या हुशार, गरीब मुलाच्या गोष्टीसारखं आहे. नोकरी लागली, मास्तर झाला, संसार मार्गी लागला.

पण बाल्डविनची काही मतं पक्की होती. मॉर्मन पंथात पूर्वी एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल होती. सरकारचा विरोध वाढला तेव्हा पंथाच्या प्रमुखांनी १८९० मध्ये जाहीरनामा काढून ती चाल सोडल्याचं सांगितलं. काही लोकांना हे मान्य झालं नाही. मूळ शिकवण सोडली, तडजोड केली, असं ते म्हणू लागले. बाल्डविन या लोकांच्या बाजूचा. मनात एक आणि तोंडावर एक हे त्याला जमणारं नव्हतं. १९०५ च्या सुमारास याच मतांपायी त्याची शिक्षकाची नोकरी गेली. त्या मतांची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. पण नोकरी जाईल हे दिसत असतानाही माणूस आपलं म्हणणं लपवत नाही, एवढी नोंद त्याच्या खात्यावर करायला हवी. पुढे पोटासाठी तो जलविद्युत केंद्रावर काम करू लागला.

आता कानाची गोष्ट. सॉल्ट लेक सिटी या राजधानीत या पंथाचं टॅबरनॅकल नावाचं प्रचंड सभागृह आहे, १८६७ साली उभं राहिलेलं. कासवाच्या पाठीसारखं त्याचं छत, आत हजारो माणसं बसतात. त्याचं वैशिष्ट्य म्हणून आजही पाहुण्यांना एक प्रयोग दाखवतात. व्यासपीठावर टाचणी टाकली तर शेवटच्या रांगेत तिचा आवाज पोचतो. पण रिकाम्या सभागृहात टाचणी ऐकू येणं वेगळं आणि भरल्या सभागृहात माणसाचं बोलणं कळणं वेगळं. हजारो माणसं, त्यांची हालचाल, खोकणं, लहान मुलं आणि वक्त्यापुढे मायक्रोफोन नाही, कारण सभागृहात तो वापरण्याची पद्धत अजून यायची होती. बाल्डविन तिथे प्रवचनाला जाऊन बसायचा आणि त्याला धड ऐकू यायचं नाही.

ज्यांना ऐकू येत नाही ते साधारणपणे दोन गोष्टी करतात. एकतर मान डोलावत बसतात, नाहीतर जाणंच सोडून देतात. बाल्डविनने तिसरी गोष्ट केली. आवाज मोठा कसा करता येईल, या मागे तो लागला. आधी त्याने दाबलेल्या हवेच्या जोरावर आवाज वाढवण्याचा प्रयोग केला. त्या खटपटीत त्याचं लक्ष कानाला लावायच्या तुकड्याकडे, म्हणजे रिसीव्हरकडे गेलं. आपण आवाज मोठा करायला बघतोय, पण कानाशी असलेलं यंत्रच जर आलेला आवाज वाया घालवत असेल तर काय उपयोग?

त्या काळी हेडफोन म्हणजे काय प्रकार होता हे सांगायला हवं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांसाठी १८८१ च्या सुमारास एझ्रा गिलिलँड या माणसाने एक साज बनवला होता. खांद्यावर पेलायचा अनेक पौंडांचा सांगाडा आणि तोही एकाच कानासाठी. पुढे लंडनमध्ये टेलिफोनच्या तारेवरून नाटक आणि गाणं ऐकवणारी सेवा निघाली. तिचे श्रोते हनुवटीखाली दांडा धरून दोन्ही कानांना रिसीव्हर लावून बसत. गाणं संपेपर्यंत हात अवघडून जात असणार. थोडक्यात, टेलिफोनचाच रिसीव्हर कुठल्यातरी युक्तीने कानाशी धरून ठेवायचा, एवढाच तो व्यवहार होता.

साध्या रिसीव्हरची रचना सोपी असते. एक लोहचुंबक, त्यावर तारेचं वेटोळं आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा. वेटोळ्यातून बोलण्याची वीज गेली की चुंबकाची ओढ कमी-जास्त होते, पडदा थरथरतो आणि आवाज येतो. अडचण अशी, की आवाज नसतानाही चुंबक पडद्याला ओढूनच धरतो. पडदा जन्मभर ताणाखाली. तो चुंबकाला चिकटू नये म्हणून पुरेसा ताठ ठेवावा लागतो आणि ताठ पडदा बारीक आवाजाला दाद देत नाही.

बाल्डविनने हे दोन्ही धंदे वेगळे केले. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये त्याने एक छोटी लोखंडी पट्टी टेकूवर बसवली. दोन्ही बाजूंची ओढ सारखी, त्यामुळे पट्टी तराजूच्या दांडीसारखी मधोमध राहते. भोवतीच्या वेटोळ्यात जराशी वीज आली की ती एका बाजूला झुकते. पट्टीला एक बारीक काडी आणि काडीच्या टोकाला अभ्रकाचा हलका पडदा. पडद्यावर आता चुंबकाची ओढ नाही, तो फक्त हलायला मोकळा. वेटोळ्यासाठी त्याने केसासारखी बारीक तांब्याची तार वापरली, एकेका कानाला सुमारे मैलभर लांबीची. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळेल असा आवाज काढायला या यंत्राला निराळी बॅटरी लागत नव्हती. या रचनेला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. माझ्या शेंगदाण्याच्या पोटात आज जे आहे ते हेच.

हे सगळं त्याने कुठे केलं? घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. प्रयोगशाळा नाही, भांडवल नाही, भागीदार नाही. शेजारी चूल आणि समोर तांब्याच्या तारेची रिळं. त्या घरातल्या बाईने किती जेवणं त्या टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर वाढली असतील, याची नोंद इतिहासात नसते. आमच्या घरी माझ्या तारांबद्दल जे ऐकू येतं त्यावरून अंदाज करता येतो.

१९१० साली बाल्डविनने अमेरिकेच्या आरमाराला पत्र लिहिलं आणि आपला हेडफोन तपासून बघायला पाठवला. त्या वेळी वायरलेस नुकतंच जहाजांवर आलं होतं. आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हचा उपयोग अजून सुरू व्हायचा होता. दूरच्या जहाजाने पाठवलेली कट्ट-कड कट्टची खूण आकाशातून तारेत येईल तेवढ्याच जोरावर ऐकायची. म्हणजे कानाचं यंत्र जितकं तल्लख तितका वायरलेसचा पल्ला लांब. आरमारात या खात्याचं काम आर्थर हेपबर्न या अधिकाऱ्याकडे होतं. पुढे हा माणूस अॅडमिरल होऊन अमेरिकेच्या आरमाराचा सरसेनापती झाला. त्याच्या टेबलावर यूटातून आलेलं हे पत्र पडलं. ते जांभळ्या शाईने लिहिलेलं होतं आणि कागद होता निळा-गुलाबी.

माझी सगळी नोकरी कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. त्यामुळे हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट उभा राहतो. अर्जदाराची पत शून्य, कारखाना नाही, ताळेबंद नाही, तारण नाही, पत्ता कुठल्या डोंगरातला आणि अर्ज गुलाबी कागदावर. आम्हा बँकवाल्यांना कागद बघूनच माणूस जोखावा लागतो, नियमच तसे असतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. हेपबर्नकडे मात्र एक सोय होती जी आमच्याकडे नव्हती. पत्रासोबत माल आला होता. आरमाराने तो कानाला लावून बघितला आणि त्यांच्याकडच्या सगळ्या रिसीव्हरांपेक्षा तो कितीतरी सरस ठरला.

तक्रार एकच आली. डोक्यावरचा पट्टा आरामशीर नव्हता. जहाजावरचा ऑपरेटर तासन् तास तो लावून बसणार. बाल्डविनने लगेच नवा पट्टा केला. चामड्याने मढवलेल्या दोन तारांची कमान आणि टोकाला रिसीव्हर वर-खाली सरकवायची सोय. वजनाला हलका आणि कुठल्याही डोक्याला बसणारा. आज तुमच्या घरातला कुठलाही हेडफोन हातात घ्या आणि कमान लहान-मोठी करून बघा. ती सोय तिथून चालत आलेली आहे. आरमाराच्या इतिहासात अशीही नोंद आहे की या पट्ट्याचं पेटंट घे म्हणून त्याला सुचवण्यात आलं, पण एवढ्या क्षुल्लक गोष्टीचं कसलं पेटंट, म्हणून त्याने ते घेतलं नाही.

आरमाराने मागणी नोंदवली. बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहा नग देता येतील, त्याहून जास्त नाही, कारण माल स्वयंपाकघरात तयार होतो. आरमारातल्या लोकांनी तोपर्यंत समजूत करून घेतली असणार की कुठलीतरी कंपनी असेल. पूर्वेकडच्या उद्योगनगरीत जाऊन बस्तान बसवलं असतं तर त्याला मोठं होणं सोपं गेलं असतं. पण यूटा सोडायला तो तयार झाला नाही. आपली माणसं, आपला पंथ, आपला डोंगर इथेच. सॉल्ट लेक सिटीच्या बाहेर मिल क्रीक या ओढ्याकाठी त्याने हळूहळू कारखाना उभा केला. ओढ्याच्या पाण्यावर वीज करून यंत्रं चालवली.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि मागणी आभाळाला भिडली. युद्ध संपलं आणि रेडिओ आला. १९२० नंतर अमेरिकेत घराघरात लोक रेडिओचे संच जोडू लागले. त्यातले पुष्कळसे क्रिस्टलचे, ज्यांना बॅटरीही लागत नसे आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय ज्यांतून काही ऐकू येत नसे. बाल्डविनचा हेडफोन महाग होता, पण ज्याला लांबचं स्टेशन पकडायचं तो तोच घ्यायचा. म्हणजे महागड्या हेडफोनवर पैसे घालवणारी आमची जमात शंभर वर्षं जुनी आहे. १९२२ पर्यंत त्याच्याकडे दीडशेच्या आसपास कामगार होते आणि वर्षाची उलाढाल वीस लाख डॉलरवर गेली होती. बारा वर्षांपूर्वी हा माणूस जेवणाच्या टेबलावर तारा गुंडाळत होता.

कामगारांना तो चांगलं वागवायचा, असं सगळे सांगतात. कारखान्याच्या आसपास वस्तीच उभी राहिली. आणि इथेच ती दोरी पुन्हा समोर येते. मूळ शिकवणीला चिकटून राहिलेल्या, त्यामुळे पंथाने दूर केलेल्या, नोकरी-धंद्याला मुकलेल्या लोकांना बाल्डविन आपल्याकडे कामावर घेऊ लागला. स्वतःची नोकरी त्याच कारणाने गेलेली, तेव्हा हे दुःख त्याला ठाऊक होतं. पुढे या मंडळींपैकी काहीजण त्या फुटीर गटांचे पुढारी झाले. त्यांतले काही कारखान्यात नोकरीला होते, तर काही थेट संचालक मंडळावर. बाल्डविन त्यांच्या कार्याला सढळ हाताने पैसा देत राहिला. त्यांनी काढलेल्या धंद्यांत आणि खाणींत गुंतवणूक करत राहिला.

संचालक मंडळ कशासाठी असतं? मालकाला नको म्हणायला. बाल्डविनच्या मंडळावर नको म्हणणारं कोणी उरलं नाही. जे होते ते त्याच्याच पैशाची वाट बघणारे. एकाच टेबलावर घेणारा बसलेला, मंजुरी देणारा बसलेला आणि दोघांच्यात भाऊबंदकीचं नातं. अशा वेळी माणूस हिशेब मागायला लाजतो. बँकेत असताना असे कितीतरी जामीनदार मी पाहिले. कर्जदार उधळ्या होता म्हणून त्यांचं घर गेलं असं नाही. मित्राने पुढे केलेला कागद न वाचता त्यांनी सही केली म्हणून गेलं. त्यांतला एकही माणूस लबाड नव्हता. उलट फार भले होते. अडचण हीच, की भलेपणाला तारण समजणारी माणसं दोन्ही बाजूंना बसलेली असतात.

त्यातच बाजार बदलला. रेडिओत व्हॉल्व्ह आले, आवाज मोठा झाला, भोंग्यातून सगळं घर एकदम ऐकू लागलं. बाल्डविनने आपला रिसीव्हर भोंग्यांसाठीही दिला आणि तो चालला, पण हेडफोनची ती सोन्याची वर्षं संपत आली होती. अशा वेळी गंगाजळी लागते. ती खाणींत आणि मित्रांच्या धंद्यांत अडकली होती. १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि न्यायालयाने तिच्यावर रिसीव्हर नेमला. रिसीव्हरवर उभी राहिलेली कंपनी रिसीव्हरच्याच ताब्यात गेली. हा शब्दाचा खेळ मी केलेला नाही, इंग्रजीत दोघांनाही तेच नाव आहे.

बाल्डविन स्वस्थ बसला नाही. नव्या कंपन्या, नवे शेअर, पुन्हा लोकांकडून भांडवल. पण यात आश्वासनं आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर वाढत गेलं. टपालाने लोकांची दिशाभूल करून पैसा गोळा करणं हा अमेरिकेत केंद्र सरकारचा गुन्हा आहे. त्यात तो दोषी ठरला आणि १९३० नंतर त्याला वॉशिंग्टन राज्यातल्या मॅकनील बेटावरच्या तुरुंगात सुमारे दोन वर्षं काढावी लागली. पन्नाशी उलटलेला माणूस. ज्या सरकारच्या आरमाराला त्याने कान दिले, त्याच सरकारच्या कोठडीत.

त्याने मुद्दाम फसवलं की त्याला स्वतःलाच ते सगळं खरं वाटत होतं, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ज्याला खरोखर एकदा यश मिळालेलं असतं तो स्वतःच्या आश्वासनांवर सगळ्यात आधी विश्वास ठेवतो. एकदा गुलाबी कागदावरचा अर्ज मंजूर झाला होता, मग पुन्हा का होणार नाही? पण त्या वेळी कागदासोबत माल होता. या वेळी फक्त कागद होता. ज्यांनी शेअर घेतले त्यांचे पैसे खरे होते आणि ते बुडाले, हेही तितकंच खरं. न्यायालयाने त्याला सोडलं नाही ते योग्यच झालं.

तुरुंगातून सुटल्यावर तो यूटात परतला आणि आणखी जवळजवळ तीस वर्षं जगला. श्रीमंती परत आली नाही. १९ जानेवारी १९६१ रोजी सॉल्ट लेक सिटीत वयाच्या ८२ व्या वर्षी त्याचं निधन झालं तेव्हा तो जवळजवळ कफल्लक होता. या काळात हेडफोनचं जग त्याच्याशिवाय पुढे गेलं. १९३७ मध्ये जर्मनीत बायरने वेगळ्या, डायनॅमिक पद्धतीचा डीटी ४८ काढला. १९५८ मध्ये मिलवॉकीत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठीचा स्टीरिओ हेडफोन आणला. माझा एचडी ६५० या डायनॅमिक घराण्यातला. बाल्डविनने यांतलं काही कानाला लावून पाहिलं का, कोण जाणे.

पण त्याची तराजूची दांडी मोडीत निघाली नाही. तिचा गुण असा, की अगदी थोड्या विजेत पुष्कळ आवाज. हा गुण दोन ठिकाणी कामी आला. जहाजांवर अशा जातीचे टेलिफोन बसवले गेले जे फक्त बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावर चालतात. जहाजाची वीज गेली तरी ते बंद पडत नाहीत. दुसरं ठिकाण म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांसाठीचं श्रवणयंत्र. एवढीशी बॅटरी आणि एवढीशी जागा, तिथे हीच रचना योग्य. तिथून ती १९९१ मध्ये एटिमॉटिक कंपनीच्या कानात घालायच्या हेडफोनमध्ये आली आणि मग स्टेजवरच्या गायक-वादकांच्या कानात. आज त्यांतल्या भारी हेडफोनांत एकेका कानाला अशा अनेक दांड्या बसवलेल्या असतात, खर्जाला वेगळी, तार सप्तकाला वेगळी. मिल क्रीकच्या कारखान्याची जुनी इमारत अजून उभी आहे. तिच्यात आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत.

आता इथवर वाचत आलात तर मुद्द्याचं बोलतो. गेल्या दोन वर्षांपासून माझ्या डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. बऱ्याच जणांच्या ते लक्षात आलेलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा कळलं की वरच्या पट्टीतले स्वर वयाप्रमाणे उतरत चालले आहेत. स, श, त, थ यांतला फरक पुसट होतो, म्हणून माणूस बोललेलं ऐकू येतं पण समजत नाही. आमच्या वयाच्या बहुतेकांचं थोडंफार असंच असतं. यंत्र लावल्यावर पहिल्याच दिवशी कुकरची वाफ, चपलांची फरपट आणि सौं.चं हळू आवाजातलं पुटपुटणं, तिन्ही ऐकू आलं. तिसऱ्याबद्दल अधिक लिहीत नाही.

हे सांगायचं कारण असं. आपल्या इमारतीतले माझ्याच वयाचे किती तरी स्नेही सभेत मान डोलावत बसतात, हे मला समोरून दिसतं. काहींच्या कपाटात श्रवणयंत्र पडलेलं आहे हेही मला माहीत आहे. लोक म्हातारा म्हणतील, ही भीती. त्याच वेळी त्यांची नातवंडं लिफ्टमध्ये दोन्ही कानांत यंत्रं खुपसून फिरतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी भारी हेडफोन लावला की लोक शौकीन म्हणतात आणि श्रवणयंत्र लावलं की कीव करतात. माझ्या कानातल्या त्या छोट्या हेडफोनात आणि श्रवणयंत्रात आत बसलेली वस्तू एकाच माणसाची. प्रवचन ऐकू येत नाही म्हणून मान डोलावत न बसलेल्या एका हट्टी माणसाची.

बाल्डविनचा ताळेबंद मी बँकवाल्याच्या नजरेने पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. येणे बाजूला त्याच्याकडे शेवटी काहीच उरलं नाही. देणे बाजू मोठी आहे आणि तिच्यात आपण सगळे आहोत. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट घ्यावी आणि एक टाळावी, असं मला वाटतं. कान शाबूत ठेवायला जे लागेल ते न लाजता करावं. आणि आपल्याच माणसांचा कागद समोर आला तर तोही शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. दुसरी गोष्ट सोसायटीच्या कामकाजालाही लागू पडते, हे सुज्ञ सभासदांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी अर्धा तास आधी येईन. दोन्ही हेडफोन आणि अॅम्प्लिफायर घेऊन. ज्यांना मन्सूर ऐकायचे असतील त्यांनी यावं, कपाटातलं श्रवणयंत्र लावून आलात तर अधिक चांगलं. त्याची बॅटरी संपली असेल तर माझ्याकडे जास्तीच्या आहेत. हेडफोन मात्र ऐकून झाल्यावर परत करावेत, सही घेतली जाईल.